बलाढ्य संकेतस्थळाबाहेरची ऑनलाइन खरेदी : सांगलीतून नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी बहुतेक घरांतल्या फोनवर ज्याचे अॅप असते अशा एका बलाढ्य खरेदी संकेतस्थळावरून नामांकित कंपनीचा म्हणून पाच लिटरचा कुकर मागवला. दोन महिन्यांतच शिट्टी होण्याआधी झाकणाच्या कडेने वाफ सुटू लागली, म्हणून मारुती रोडवर कुकर आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आमच्या नेहमीच्या कारागिराकडे तो नेला. त्यांनी रिंग काढून हातात धरली आणि म्हणाले, "वहिनी, रिंग तर या कंपनीची नाहीच, पण मला कुकरही त्यांचा वाटत नाही." घरी येऊन तळाशी कोरलेल्या आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक मी भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून पाहिला, तेव्हा तो क्रमांक दुसऱ्याच कारखान्याचा आणि तोही कुकरचा नव्हे, तर वेगळ्याच वस्तूचा निघाला. घरगुती कुकरला आयएस २३४७ या मानकानुसार आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचे आहे. ज्या भांड्यात रोज वाफेचा दाब कोंडला जातो आणि ज्याच्याजवळ माझ्या सासूबाई उभ्या राहून वरण शिजवतात, त्याच्यावरचे चिन्ह खोटे असावे याचा मला फार संताप आला.

तेव्हापासून नऊ महिने आमच्या घरची ऑनलाइन खरेदी शक्यतो त्या संकेतस्थळाबाहेर करून पाहिली. मी विश्रामबागेतील एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, त्यामुळे प्रत्येक खरेदीचे बिल, वाहतूक खर्च आणि लागलेले दिवस वहीत लिहून ठेवण्याची सवय होतीच. हा अनुभव त्या वहीवरून लिहिला आहे.

पर्याय शोधण्याआधी मूळ दोष कोठे आहे हे समजून घेणे मला आवश्यक वाटले. आपण संकेतस्थळाचे नाव पाहून पैसे देतो, पण बिलावर विक्रेता म्हणून तिसरेच नाव असते. आपल्याकडे परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारमंच कंपनीला स्वतःचा माल साठवून थेट ग्राहकाला विकता येत नाही आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम अधिक कडक झाले आहेत. त्यामुळे असा मंच एखाद्या मोठ्या मंडईसारखा असतो, ज्यात छप्पर एकाचे आणि गाळे हजारोंचे असतात. गाळेधारक कोण हे न पाहता छपरावर विश्वास ठेवला, ही माझी चूक होती. म्हणून पर्याय निवडताना दुसरे छप्पर शोधायचे नाही, तर विक्रेता ओळखता येतो का हे पाहायचे असे मी ठरवले.

ओळख पटवण्याची माझी पद्धत आता पक्की झाली आहे. संकेतस्थळावर विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक दिसला नाही तर मी तेथून बाहेर पडते. क्रमांक दिला असेल तर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेते. त्यासाठी खाते लागत नाही आणि नोंदणीचे नाव, दिनांक, राज्य आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे सारे कळते. पंधरा अक्षरी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचा अंक २७ आहे. पुण्याचा पत्ता देणाऱ्या एका विक्रेत्याचा क्रमांक वेगळ्याच अंकाने सुरू होत होता, तेव्हा मी फोन करून विचारले आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्याने खरेदी सोडून दिली. मात्र नुसता क्रमांक खरा असणे पुरेसे नाही, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून लावता येतो. क्रमांकावरचे नाव, बिलावरचे नाव आणि पैसे ज्या खात्यात जातात ते नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. खाण्याच्या वस्तूंसाठी अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांकही अशाच प्रकारे तपासता येतो.

पत्त्याच्या पट्टीतील कुलपाच्या चिन्हाबद्दल येथे लिहिलेच पाहिजे, कारण शिकलेली माणसेही त्यावर फसतात. ते कुलूप आपली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही एवढेच सांगते. समोर बसलेला माणूस सचोटीचा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. माझ्या कार्यालयातील सहकारी महिलेने समाजमाध्यमावरची 'कारखाना बंद होत असल्याने साठा विक्री' अशी जाहिरात पाहून सुती साड्यांसाठी ७९९ रुपये यूपीआयने भरले. त्या संकेतस्थळावर कुलूप होते आणि पत्ता कुपवाड औद्योगिक वसाहतीतला होता, म्हणून तिला ते आपलेच लोक वाटले. साड्या आल्या नाहीत. आम्ही दोघी रविवारी त्या पत्त्यावर जाऊन आलो, तर तेथे लोखंडी सुट्या भागांचे वर्कशॉप होते आणि तेथील मालकांकडे त्याआधीही दोन ग्राहक येऊन गेले होते. तिने १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तोवर पाच दिवस उलटून गेले होते आणि पैसे परत मिळाले नाहीत. अशा फसवणुकीत पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते.

यावरून पैसे भरण्याची माझी पद्धतही बदलली. अनोळखी ठिकाणी पहिली खरेदी लहान रकमेची करते आणि वस्तू घरी आल्यावर पैसे देण्याची सोय असेल तर ती घेते. ती सोय नसेल तर क्रेडिट कार्ड वापरते, कारण माल न मिळाल्यास बँकेमार्फत त्या व्यवहारावर हरकत घेता येते. यूपीआयने आपण स्वतः पाठवलेली रक्कम परत आणणे त्या मानाने अवघड असते. कार्डाचा क्रमांक दुकानाकडे साठून राहील ही भीती आता कमी झाली आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना तो साठवता येत नाही आणि त्याऐवजी सांकेतिक टोकन वापरले जाते.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे येते. सर्वांत समाधान मला उत्पादक कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांनी दिले. नवा कुकर, मिक्सरचे भांडे आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर या तिन्ही वस्तू मी तेथून घेतल्या. कुकर पूर्वीच्यापेक्षा ३४० रुपयांनी महाग पडला आणि दोन दिवसांऐवजी सहा दिवसांनी आला, परंतु हमीपत्रावर कंपनीचा शिक्का होता आणि परवाना क्रमांक अॅपमध्ये टाकताच कंपनीचे नाव समोर आले. फिल्टरच्या बाबतीत हा फरक अधिक जाणवला. बाहेर मिळणारे फिल्टर 'चालणारे' असतात, म्हणजे त्या यंत्रात बसतात, पण आतला माल काय आहे हे कळायला मार्ग नसतो. पिण्याच्या पाण्यासाठी मी तो धोका पुन्हा पत्करणार नाही.

मराठी पुस्तकांसाठी बलाढ्य संकेतस्थळाची गरज मुळातच नव्हती हे मला उशिरा लक्षात आले. बुकगंगासारखे मराठी पुस्तकांसाठीचे संकेतस्थळ आणि अनेक प्रकाशकांची स्वतःची विक्री व्यवस्था उपलब्ध आहे. माझ्या मुलाला स्पर्धा परीक्षेसाठी लागणारी पुस्तके मी प्रकाशकाकडूनच मागवली आणि चालू वर्षाचीच आवृत्ती आहे का हे आधी फोनवर विचारता आले. यापूर्वी आम्हाला एकदा छायाप्रतीवरून छापलेली प्रत मिळाली होती, जिच्यातील नकाशे वाचताच येत नव्हते.

ओएनडीसी या खुल्या जाळ्याविषयी मला विशेष उत्सुकता होती. केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. ती स्वतः काही विकत नाही. ग्राहकाचे अॅप एका कंपनीचे, दुकानदाराचे अॅप दुसऱ्या कंपनीचे आणि पोहोचवणारा तिसराच असला तरी सगळ्यांना एका समान भाषेत बोलता येईल अशी ती रचना आहे. ज्याप्रमाणे यूपीआयमध्ये एका बँकेच्या ग्राहकाला दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाला पैसे पाठवता येतात, त्याच धर्तीवर हे समजून घेता येईल. मी त्यावरून गूळ, सुती कापड आणि स्वयंपाकघरातील किरकोळ वस्तू घेतल्या आणि त्या व्यवस्थित मिळाल्या. मात्र येथेही गाळेधारक तपासण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. जाळे खुले आहे याचा अर्थ प्रत्येक दुकान तपासलेले आहे असा होत नाही. तक्रार करायची वेळ आली तर ज्या अॅपवरून मागवले तेथूनच ती सुरू करावी, विक्रेत्याला वेगळे शोधत बसू नये.

सर्वांत मोठा बदल मात्र घराजवळच झाला. गणपती पेठेतील एक किराणा व्यापारी, ज्यांच्याकडे माझे सासरे वर्षाचे धान्य भरत असत, ते आता व्हॉट्सअॅपवर यादी घेतात, मालाचे फोटो पाठवतात आणि संध्याकाळपर्यंत पक्क्या बिलासह माल घरी पोहोचवतात. मी पहिल्यांदा पक्के बिल मागितले तेव्हा ते म्हणाले, "ताई, बिल नक्की देतो, पण तुम्हाला माल पसंत नसला तर बिल न दाखवताही परत घेईन." एकदा तूरडाळीला वास आला म्हणून मी तक्रार केली, तर त्याच संध्याकाळी मुलगा पिशवी बदलून गेला. मी हे भावनेपोटी लिहीत नाही. त्यांचे दर मी दर महिन्याला अॅपवरील दरांशी ताडून पाहिले आहेत. साबण, टूथपेस्ट आणि डबाबंद वस्तू अॅपवर स्वस्त मिळतात, तर डाळी, पोहे, शेंगदाणे आणि गूळ पेठेत बरे पडतात आणि प्रतीत तर तुलनाच होत नाही.

बेंगळुरूला असलेल्या माझ्या बहिणीसाठी हीच व्यवस्था उलट दिशेने वापरली. तिला सांगलीची हळद आणि तासगावकडचे बेदाणे हवे होते. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरीही मोठ्या संकेतस्थळावर 'सांगली हळद' असे ठळक लिहिलेल्या पाकिटांच्या तपशिलात हळद कोठून आली, कोणी दळली हे सापडेना. मी मार्केट यार्डातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून हळकुंडे घेऊन आमच्या गिरणीत दळली आणि स्पीड पोस्टने पाठवली. टपालखर्च धरता किलोमागे जास्त पैसे लागले हे खरे आहे. पण बहिणीने पुन्हा मागवली.

तक्रारीच्या बाबतीत मला जे कळले ते प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असावे असे मनापासून वाटते. माझ्या कुकरची दहा दिवसांची परतीची मुदत संपल्याचे कारण देऊन त्या संकेतस्थळाने प्रथम हात झटकले आणि तोवर विक्रेत्याचे नावही मंचावरून नाहीसे झाले होते. परंतु ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार मंचाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते, त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. मी परवाना क्रमांकाच्या तपासणीचे छायाचित्र, बिल आणि कारागिराचा लेखी अभिप्राय जोडून त्या अधिकाऱ्याला पत्र पाठवले आणि राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही नोंदवली. तेविसाव्या दिवशी पूर्ण रक्कम परत आली. ती आली नसती तर जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची माझी तयारी होती. पाच लाख रुपयांपर्यंतच्या किमतीच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो.

या नऊ महिन्यांत आमचा खर्च थोडा वाढला. वहीनुसार वाहतूक खर्च आणि किमतीतील फरक मिळून महिन्याला सरासरी दीडशे ते दोनशे रुपये जास्त गेले. वेळही अधिक लागला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा प्रत्येक विक्रेता नव्याने तपासावा लागत होता. आता विश्वासाच्या अकरा ठिकाणांची नावे वहीच्या शेवटच्या पानावर आहेत आणि बहुतेक खरेदी तेथूनच होते. ज्यांच्या घरी वस्तू आणून देणारे कोणी नाही, किंवा ज्यांना औषधोपचाराचे साहित्य तातडीने लागते, त्यांनी मोठे संकेतस्थळ पूर्णपणे सोडावे असे मी म्हणणार नाही.

मलाही ते अजून पूर्णपणे सोडता आलेले नाही. सासूबाईंच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या तेवढ्या मी तेथूनच घेते आणि पाकिटावर छापलेली मुदत पार्सल उघडताना व्हिडिओत टिपून ठेवते, कारण दोनदा मुदत जवळ आलेला साठा आला होता. मिरजेतील एका श्रवणयंत्र केंद्राने दर दोन महिन्यांनी ताजी पाकिटे मागवून ठेवण्याचे कबूल केले आहे आणि पहिली पाकिटे आणायला मी येत्या शनिवारी जाणार आहे.