'आय अ‍ॅम अ‍ॅलन पार्ट्रिज', पहिला सीझन: डीव्हीडी

राजारामपुरीतल्या जुन्या पुस्तकवाल्याकडं 80 रुपयांना मिळाली. कव्हर फाटलंय, पण या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेचे 1997 चे सहाही भाग एकदम स्वच्छ चालले.

मी 18 वर्षं लग्नात, गणपतीच्या मंडपात माइक धरतोय, त्यामुळं हा अ‍ॅलन मला फार जवळचा वाटला. ब्रिटिश विनोदी नट स्टीव्ह कूगननं 1991 मध्ये बीबीसी रेडिओवर उभा केलेला हा काल्पनिक निवेदक. इथं टीव्हीवरचा शो गेलाय, बायको सोडून गेलीय, गडी हायवेवरच्या लॉजमध्ये राहतो आणि इंग्लंडातल्या नॉरिच शहराच्या रेडिओवर भल्या पहाटे बोलतो. बुफेला जाताना स्वतःचं मोठं ताट घेऊन जातो. हॉटेलचं लहान पडतं ना! ते ताट बघून हसलो, मग पोटात कालवलं. बीबीसीच्या साहेबासमोर जेवता जेवता एकेक कार्यक्रम सुचवतो, शेवटी माकडांच्या टेनिसवर येतो. काम सुटायच्या भीतीनं माणूस काय काय बोलतो, ते कूगनच्या डोळ्यांत नुसतं बघत राहावं. लिनची, त्याच्या सेक्रेटरीची, सोशीक चुप्पीही तेवढीच जबरी.

पाठीमागच्या हशाचा आवाज मात्र मला खटकला. इंग्रजी भरभर आहे, सबटायटल लावाच. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं बघावी. माझी मागायला येऊ नका, देणार नाही.