साधी मेटल तार: दिसायला डावी, कामाला उजवी

दात सरळ करायला निघालेल्या माणसापुढे हल्ली तीन वस्तू मांडल्या जातात: स्टीलच्या मेटल ब्रेसेस, दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रेसेस आणि पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर घालता-काढता येणारे प्लास्टिकचे साचे. जाहिरात सगळ्यात जास्त तिसऱ्याची, खर्चही बहुतेक ठिकाणी त्याचाच जास्त. आमचा कौल मात्र जुन्या मेटल तारेला. का, ते जवळून बघू.

दाताला चिकटवलेला तो बारका तुकडा म्हणजे ब्रॅकेट. मधे तार बसायची खाच असते. सर्रास वापरली जाणारी खाच ०.०२२ इंचांची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. नवं ब्रॅकेट हातात घेऊन पाहिलं तर एका कोपऱ्यावर रंगाचा ठिपका दिसतो. तो शोभेचा नाही. ब्रॅकेट कुठल्या दाताचं आणि त्याचा कुठला कोपरा हिरडीकडे, हे त्यावरून कळतं. खाचेचा तिरपेपणा दातागणिक वेगळा असतो: एमबीटी नावाच्या प्रचलित ब्रॅकेट-पद्धतीत वरच्या मधल्या पटाशीच्या दाताला १७ अंश, त्याच्या शेजारच्याला १०. पूर्वी डॉक्टर प्रत्येक दातासाठी तारेलाच हाताने बाक देत. १९७० च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज या अमेरिकी दंततज्ज्ञांनी तो बाक ब्रॅकेटमध्ये घातला आणि तार सरळ राहिली. त्यामुळे आता खरं कसब ब्रॅकेट चिकटवण्यात आहे. वरच्या दाताचं ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर हिरडीकडे सरकलं, की काही महिन्यांनी तो दात शेजाऱ्यापेक्षा तेवढाच खाली उतरलेला दिसतो. अशा वेळी चांगला डॉक्टर ब्रॅकेट काढून पुन्हा लावतो. पेशंटला वाटतं चूक झाली, पण ती दुरुस्ती न करणारा डॉक्टर जास्त चुकीचा.

चिकटवण्याची रीत अशी: दात पॉलिश करायचा, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल १५ ते ३० सेकंद लावायचं, धुवायचं, वाळवायचं. दात खडूसारखा पांढरट दिसला म्हणजे जमलं. मग बाँडिंगचा पातळ थर, कंपोझिट (दाताला चिकटणारी पेस्ट), ब्रॅकेट, आणि वरून ती कडक करणारा निळा लाइट. पांढरट झालेल्या दाताला लाळ लागली तर ॲसिडपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. तसंच रेटलं तर ते ब्रॅकेट महिन्याभरात हातात येतं, आणि खापर फुटतं चकलीवर.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची, बहुधा ०.०१४ इंचांची. वाकड्या दातांत अडकवली की वाकते आणि तोंडाच्या उबेत हळूहळू मूळ आकाराकडे जाताना दातांना सोबत नेते. मग जाड, मग चौकोनी, शेवटी ०.०१९ बाय ०.०२५ इंचांची स्टीलची. ‘या वेळी डॉक्टरांनी काहीच घट्ट केलं नाही’ ही तक्रार पहिल्या काही महिन्यांत हमखास ऐकू येते. घट्ट करायचं नसतंच. दात सरकतो तो हाडातून: दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं. जोर फार झाला तर मुळाभोवतीचा रक्तपुरवठाच चेपतो आणि दात काही आठवडे जागच्या जागी अडून बसतो. वर मुळांची टोकं झिजण्याचा धोका असतोच. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, ही चांगली चाल.

यावरून कालावधीचा हिशेब मांडता येतो. दात फार पुढे असले तर बहुधा चार उपदाढा काढाव्या लागतात. प्रत्येक जागा साधारण ७ मिलिमीटरची. म्हणजे ती बंद व्हायलाच सहा ते आठ महिने, त्याआधी दात एका रांगेत आणायचे काही महिने, नंतर वरचे-खालचे दात नीट एकमेकांत बसवायचे काही. दीड-दोन वर्षं होतात ती अशी. ‘सहा महिन्यांत दात आत’ असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याला हा हिशेब कागदावर करून मागावा. जागा बंद होताना मागच्या दाढाही पुढे सरकू पाहतात आणि काढलेल्या दाताची जागा फुकट जाते. ते थोपवायला दीड-दोन मिलिमीटर जाडीचा छोटा स्क्रू हाडात बसवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण जागेपुरती भूल पुरते आणि काढताना तर बऱ्याचदा तीही लागत नाही.

आता सिरॅमिक. ब्रॅकेट स्वतः सहसा पिवळं पडत नाही, विक्रेता इथपर्यंत खरं बोलतो. पण तार ब्रॅकेटला धरून ठेवायला जी पारदर्शक रबराची रिंग लागते, ती हळद शोषते. दुपारी नवी रिंग, रात्री वरण-भात आणि पिवळ्या बटाट्याची भाजी, की सकाळी आरशात प्रत्येक दातावर पिवळा ठिपका. पुढची भेट चार ते सहा आठवड्यांनी, तोवर तसंच. लांबून न दिसण्यासाठी जादा पैसे मोजले आणि लांबून पिवळंच दिसलं, असा हा व्यवहार. ज्यांना सिरॅमिकच हवं त्यांनी रिंगऐवजी पांढऱ्या मुलाम्याची बारीक बांधणीची तार मागावी. मुलामाही उडतो, पण हळदीइतक्या लवकर नाही. शिवाय सिरॅमिक ठिसूळ असतं. काढताना तुकडे उडतात, आणि खालच्या दातांना लावलेलं वरच्या दातांवर घासलं तर झिजतो तो दात, ब्रॅकेट नाही. मेटलवर राखाडी किंवा गडद निळी रिंग घेतली की हळदीचा प्रश्नच मिटतो.

अलायनर वस्तू म्हणून वाईट नाही. थोडी दाटी, थोड्या फटी, शिस्तीचा माणूस, अशा जागी ते उत्तम चालतं. एक संच दात साधारण पाव मिलिमीटर हलवतो, मग एक-दोन आठवड्यांनी पुढचा. अट अशी की दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवं. आपल्याकडचा दिवस मोजा: नाश्ता २० मिनिटं, दोन जेवणं मिळून तासभर, दोन चहा मिळून अर्धा तास, प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. दोन तास तिथेच संपले. ऑफिसातला तिसरा कटिंग कुठून आणणार? गरम चहा अलायनर घालूनच प्यायला तर प्लास्टिक वाकतं. गोल फिरलेला सुळा किंवा उपदाढ नुसत्या प्लास्टिकला दाद देत नाही. त्यासाठी दातावर कंपोझिटचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात, आणि ‘काहीच दिसत नाही’ हे तिथे संपतं. दवाखान्यात न जाता घरपोच मिळणाऱ्या अलायनरपासून तर लांबच राहावं. या धंद्यातली अमेरिकेतली मोठी कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, आणि उपचार अर्ध्यावर असलेल्यांनी जायचं कुठे हा प्रश्न उरला.

मेटल तारेचे दोषही सांगायला हवेत. लावल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, आठवड्यात ओसरतो. त्या दिवसांत मऊ भात, खिचडी, शिरा. ओठ-गाल सोलवटतात, त्यावर ऑर्थो वॅक्सचा, म्हणजे मऊ मेणाचा, वाटाण्याएवढा गोळा ब्रॅकेट कोरडं करून दाबायचा, ओल्यावर टिकत नाही. चिक्की, ऊस, कणीस दातांनी सोलणं, सुपारी हे बंद. पेरू, सफरचंद फोडी करून. मात्र ब्रॅकेट तुटण्यापेक्षा मोठं नुकसान दाताचं होतं: ब्रॅकेटच्या कडेने अन्न साचून खडूसारखे पांढरे डाग पडतात, आणि ते तार काढल्यावरच नजरेत भरतात. पुष्कळदा पुसले जात नाहीत. म्हणून फ्लोराइडची पेस्ट, प्रत्येक जेवणानंतर ब्रश, आणि तारेखालून जाणारा बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश. तीन-चार मिनिटं लागतात. एवढी सवय नसलेल्या मुलाला तार लावायची घाई करू नये.

सेवा कुठून घ्यावी? बीडीएसनंतर तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस केलेल्याकडून. अनेक दवाखान्यांत हा तज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो. त्यात गैर काही नाही, पण तार निघाली तर मधल्या दिवशी कोण बघणार हे आधीच विचारावं. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे), सेफॅलोग्राम (बाजूने घेतलेला डोक्याचा एक्स-रे), दातांचे साचे किंवा स्कॅन आणि फोटो, एवढं झाल्याशिवाय ब्रॅकेट लावू पाहणाऱ्याकडून उठून यावं. कोटेशनमध्ये तुटलेल्या ब्रॅकेटचे पैसे, स्क्रू आणि रिटेनर (तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी वस्तू) धरलेत का ते लिहून घ्यावं.

खर्च परवडत नसेल तर सरकारी आणि पालिकेच्या दंत महाविद्यालयांचा मार्ग आहे: मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात बांबोळी. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात, वर शिक्षकांची नजर असते. वेळ जास्त जातो, शाळा-ऑफिस बुडतं. तिथे एक प्रश्न जरूर विचारावा: तुमचा विद्यार्थी कितव्या वर्षाला आहे? शेवटच्या वर्षाचा असला तर तुमची केस मधेच दुसऱ्या हातात जाणार.

आणि रिटेनर. तार निघाली त्या दिवशी दात सरळ असतात, पण हिरडीतले ताणलेले धागे जुन्या जागेकडे ओढत राहतात, वर्षभरसुद्धा. खालच्या सहा दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवून घ्यावी. तिथे किटण साचतं, सहा महिन्यांनी साफ करावं लागतं. वरच्यांना काढता येणारा रिटेनर, आधी दिवसरात्र, मग डॉक्टर सांगतील तेव्हापासून रात्री. तो गरम पाण्यात धुवायचा नाही. हॉटेलात जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी तर मुळीच ठेवायचा नाही: रिटेनर हरवण्याची हीच नेहमीची जागा, आणि वेटरने ताट उचललं की तो उष्ट्याच्या पिंपात गेलेला असतो. डबी बरोबर ठेवावी.