बुटकं नॅस्टर्शियम सांगून वेल पाठवतात, बियांचं पाकीट घेताना सांभाळा

थंडीची फुलझाडं लावायचे दिवस आले की ऑनलाइन बियाणं विकणाऱ्यांना ऊत येतो. ग्रिलमधल्या आठ इंची कुंड्यांसाठी मी 'ड्वार्फ नॅस्टर्शियम मिक्स, ५० बिया' असं पाकीट मागवलं आणि एकाच पाकिटात दोन प्रकारे फसवणूक झाली.

नॅस्टर्शियमची बी ओळखायला सोपी. जवळजवळ वाटाण्याएवढी, फिकट तपकिरी, सुरकुतलेली. माझ्या पाकिटात अशा जेमतेम दहा-बारा निघाल्या. बाकीच्या लहान, काळ्या, तिकोनी, म्हणजे सरळसरळ मॉर्निंग ग्लोरी या दुसऱ्याच फुलवेलीच्या. यात नुसते पैसे जात नाहीत. नॅस्टर्शियमची पानं-फुलं खाता येतात, मोहरीसारखी तिखटसर लागतात, आणि सॅलडसाठीच ते लावणारे पुष्कळ आहेत. मॉर्निंग ग्लोरीच्या बिया विषारी असतात. खायचं झाड म्हणून घेतलेल्या पाकिटात ही भेसळ करणाऱ्याची मला चीड येते.

त्याच दिवशी फोटो पाठवून तक्रार केली. उत्तर आलं, "मॅडम, मिक्स व्हरायटी आहे, आधी पेरून तर बघा. नाही उगवलं तर नवीन पाकीट फ्री देऊ." खरी मेख इथेच आहे. माल परत करायची मुदत ७ दिवस, आणि नॅस्टर्शियम उगवायलाच साधारण ७ ते १२ दिवस लागतात. पेरून बघेपर्यंत मुदत संपलेली असते. मी पैसेच परत मागत राहिले, तर दर वेळी नवा माणूस, पुन्हा तेच फोटो मागणार. मुदत उलटली आणि पैशांबद्दलची उत्तरं थांबली.

खऱ्या बिया मी निवडून पेरल्या होत्या. छान उगवल्या, छत्रीसारखी गोल पानं धरली, आणि मग फांद्या ग्रिलबाहेर लोंबायला लागल्या. 'टॉम थंब'सारखा बुटका वाण फूटभर उंचीचा झुबका करून राहतो. वेलाची जात दोन मीटरपर्यंत जाते. बी मात्र दोन्हींची दिसायला सारखीच, त्यामुळे इथे गिऱ्हाईक पूर्णपणे विक्रेत्याच्या शब्दावर असतं. म्हणूनच ही फसवणूक मला भेसळीपेक्षा जास्त लागली. पुन्हा लिहिलं तेव्हा म्हणे, "खत जास्त झालं असेल." खत जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं कमी येतात, हे खरं. पण त्याने बुटक्या झाडाचा वेल होत नाही.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली, तेव्हा पैसे मिळाले. हंगाम गेला तो गेलाच. पुण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलं तर जानेवारीत फुलं मिळतात, आणि मार्चचं ऊन तापलं की झाडं करपतात.

पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि पॅकिंगचा महिना-वर्ष आहे का ते बघा. माझ्या पाकिटावर नुसता फुलांच्या चित्राचा स्टिकर होता. नुसतं 'ड्वार्फ' नको, वाणाचं नाव बघा. जाहिरातीत निळ्या फुलांचं नॅस्टर्शियम दिसलं तर तिथून घेऊच नका. बागेतल्या नॅस्टर्शियमचे रंग पिवळा, केशरी, लाल, फार तर मलईसारखा. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिया पांढऱ्या कागदावर पसरून बघा, आणि "पेरून बघा" कोणी म्हटलं तरी मुदतीतच परत करा.

मला आता एकच रस्ता भरवशाचा वाटतो. थंडीत नर्सरीत जाऊन फुलावर आलेलं, झुबक्यासारखं वाढलेलं रोप डोळ्यांनी बघून आणायचं. फुलं गेल्यावर हिरव्या बिया धरतात. त्या भरून आपोआप कुंडीत गळल्या की उचलायच्या, सावलीत खडखडीत वाळवायच्या आणि कागदी पाकिटात वाणाचं नाव लिहून पुढच्या ऑक्टोबरसाठी ठेवायच्या.