ग्रासकटरचं ऑईल: साधं की सिंथेटिक?

पावसाळा सरत आला की कोकणात आंबा-काजूच्या बागांत ग्रासकटर बाहेर निघतात आणि दुकानात पहिला प्रश्न येतो: टू-टी ऑईल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल, कोणतं घ्यायचं? साधं मिनरल ऑईल स्वस्त, पण ते बहुधा लिटरभर पेट्रोलला ४० मिली, म्हणजे २५ला १ (२५ भाग पेट्रोलला १ भाग ऑईल), घालावं लागतं. धूर होतो, सायलेन्सरमध्ये काजळी धरते, प्लग काळा पडतो. ‘जासो एफडी’ (टू-स्ट्रोक ऑईलचा कमी धुराचा जपानी दर्जा) दर्जाचं सिंथेटिक महाग. मात्र ५०ला १ चालणाऱ्या मशीनला लिटरमागे २० मिलीच पुरतं. दिवसभर मशीन खांद्यावर वागवणाऱ्या गड्याच्या नाकातोंडात धूर कमी जातो, माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं कारण. मात्र मशीनच्या पुस्तिकेत २५ला १ छापलं असेल, तर ऑईल कितीही भारी असो, प्रमाण तेच ठेवा. ऑईल कमी पडलं की पिस्टन जाम होतो. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक ऑईल तर मुळीच नको.

मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा: आधी अर्धं पेट्रोल, मग ऑईल, नीट हलवून उरलेलं पेट्रोल. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं, म्हणून थोड्या दिवसांपुरतंच बनवा.