पुराचा विमा घेतला, आणि त्यातून पूरच काढून टाकलेला होता

9,400 रुपये. एवढे पैसे मी पुराच्या विम्याचे म्हणून मोजले आणि माझ्या पॉलिसीत पूर नव्हता. हे लिहायला मला अडीच वर्षं लागली. गावात चारचौघांत बोलायची लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण पावसाळा तोंडावर आलाय आणि ज्या एजंटने मला फसवलं तोच पुन्हा फिरतोय असं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

माझं खत-बियाणांचं दुकान आहे, इचलकरंजीच्या खालच्या अंगाला, पंचगंगेच्या काठावरच्या गावात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथलं पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा माझ्या दुकानात पाच फूट पाणी होतं. नुकसान 4,10,000 झालं, सरकारकडून 50,000 मिळाले. विमा नव्हता. त्या दिवाळीत मी ठरवलं होतं, काहीही झालं तरी विमा काढायचा. म्हणजे मी बेफिकीर होतो म्हणून फसलो असं कुणी म्हणू नये. मी काळजी घ्यायला गेलो आणि त्यातच फसलो.

एजंट गोड कसं बोलतात हे तुम्हाला सांगायला नको. याने मात्र गोड बोलून नाही, घाबरवून काम साधलं. सप्टेंबर 2020 मध्ये तो दुकानात आला तो पूररेषेचा रंगीत नकाशा घेऊनच. आमच्या भावकीतल्या एकाचा मेव्हणा, त्यामुळे अनोळखी नव्हता. माझ्या दुकानावर बोट ठेवून म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही निळ्या आणि लाल रेषेच्या मधे आलाय. पुढच्या वर्षापासून कंपन्या या पट्ट्यात पुराचा विमा देणार नाहीत. आत्ताच करून घ्या, पण झोनचं लोडिंग द्यावं लागंल."

लोडिंग म्हणजे जादा हप्ता. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दुकान गेलं तर काय करायचं, एवढंच डोक्यात. नंतर, सगळं घालवून बसल्यावर, मी त्या रेषांची माहिती काढली. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला भाग निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित क्षेत्र. कुठे बांधायचं आणि कुठे नाही हे ठरवण्यासाठी पाटबंधारे खात्याने आखलेल्या त्या रेषा. विम्याचा हप्ता ठरवायला त्या आखलेल्या नाहीत. कंपनीला जोखमीप्रमाणे जास्त हप्ता लावायचा असेल तर ती लावू शकते, पण मग तो आकडा पॉलिसीत आणि पावतीवर छापलेला असतो. तोंडी सांगितलेल्या लोडिंगचा एक रुपयाही देऊ नका.

मी दिले. 5,000 रोख, आणि 4,400 फोनवरून, तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर. कंपनीच्या नावाचा चेक का नाही फाडला? कारण तो म्हणाला, चेक वटेपर्यंत पोर्टल बंद होईल. तसं काहीही नव्हतं.

आता जे सांगायचं ते लिहिताना आजही हात थरथरतो. आठ दिवसांनी पॉलिसीचे कागद आले. मुलगी तेव्हा दहावीला होती, दुकानात बसली होती. तिने कागद चाळले आणि म्हणाली, "पप्पा, इथं एसटीएफआय म्हणून काहीतरी आहे, त्याच्यासमोर नॉट कव्हर्ड लिहिलंय." एजंट समोरच बसला होता. एक क्षणही न अडखळता म्हणाला, "तुमचा झोन वेगळा हाय न्हवं, म्हणून ते मुख्य पॉलिसीतनं काढून वेगळ्या कागदावर घेतलंय. एंडॉर्समेंट, म्हंजे पॉलिसीची पुरवणी, येईल आठ दिवसात." आणि मी काय केलं? मुलीला म्हटलं, "तू अभ्यास कर, मोठ्यांच्या कामात बोलू नको."

एसटीएफआय म्हणजे स्टॉर्म, टेम्पेस्ट, फ्लड, इनंडेशन. वादळ, तुफान, पूर, पाणी भरणं. त्या वेळच्या आगीच्या पॉलिसीत हे चार शब्द वगळून हप्ता कमी करून घेता यायचा. त्याने नेमकं तेच केलं. पॉलिसी फक्त आगीची उरली, 8,00,000 रुपयांची. हप्ता 2,700, जीएसटी 486, एकूण 3,186. हा आकडा त्याच पानावर खाली छापलेला होता! माझ्याकडून घेतले 9,400, भरले 3,186, खिशात 6,214. मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, इंग्रजी वाचता येतं. वाचलं नाही. हंगाम होता, गिऱ्हाईक होतं, माणूस नात्यातला होता. ही कारणं खरी आहेत, पण दहावीतल्या पोरीला जे दिसलं ते मला दिसायला हवं होतं.

मुख्य पॉलिसीतून काढून वेगळ्या कागदावर घेतलंय असं कुणी म्हणालं, तर तो कागद हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. माझी एंडॉर्समेंट आजतागायत आलेली नाही.

2021 च्या जुलैमध्ये 22 तारखेपासून पावसाने थैमान मांडलं. 24 ला दुपारी पाणी दुकानाच्या पायरीला लागलं. म्हणजे माझ्या हातात दीड दिवस होता. ट्रॅक्टरवाला एका खेपेला 1,800 मागत होता, माळावर भावाची शेड रिकामी होती. आठ-दहा खेपांत सगळा माल निघाला असता. मी म्हटलं, आधी आई, पोरं आणि म्हशी हलवू, मालाचा विमा आहे. माणसं आधी हलवली यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण विमा नसता तर रात्रीत ट्रॉल्या लावल्या असत्या हेही खरं आहे. त्या माणसाने 6,214 रुपये खाल्ले, त्याचं मला तेवढं दुःख नाही. त्याने मला निर्धास्त करून ठेवलं, ते जास्त लागलं.

पाणी ओसरल्यावर शटर उघडलं. युरियाची 260 पोती नुसती सालपटासारखी पडली होती, आतला युरिया विरघळून नदीला गेला होता. डीएपीच्या 140 पोत्यांचे दगड झाले होते. छापील दराने युरिया 69,290, डीएपी 1,68,000, औषधं 2,36,400, उरलेलं बियाणं 31,500, फर्निचर आणि कॉम्प्युटर 58,000. एकूण 5,63,190.

नुकसान तपासणारा सर्व्हेअर 9 ऑगस्टला आला. खरेदीची बिलं, स्टॉक रजिस्टर, खतविक्रीच्या पॉस मशिनवर दिसणारा साठा, सगळं मी मांडून ठेवलं होतं. त्याने पॉलिसीचं पान उलटलं आणि दहा मिनिटांत पेन खिशात घातलं. "यात फ्लड नाहीये हो." 6 ऑक्टोबरला कंपनीचं नकाराचं पत्र आलं.

मग सुरू झाले हेलपाटे. माझं कॅश क्रेडिट, म्हणजे दुकानासाठीचं खेळतं कर्ज, ज्या बँकेत आहे तिने विम्याशिवाय कर्जाची मर्यादा वाढवली नसती, पॉलिसीची प्रत त्यांच्या फाइलला लागलेली होती. नदीकाठच्या दुकानाच्या पॉलिसीत पूर आहे का, हे बघायला नको? मॅनेजर म्हणाले, पॉलिसी आहे एवढंच आम्ही बघतो, आणि दर महिन्याचं व्याज मात्र चुकू देऊ नका. विमा कंपनीच्या शाखेत सांगितलं, एजंटशी तुमचा तोंडी व्यवहार, त्याच्याशी आमचा संबंध नाही. अहो, एजंट तुमचा, कोड तुमचा, शिक्का तुमचा, आणि संबंध नाही? पोलीस ठाण्यात चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा अर्ज लिहून आणा. तिसऱ्यांदा तो अर्जच सापडेना. चौथ्यांदा म्हणाले, तुम्ही राजीखुशीने पैसे दिले, हे दिवाणी आहे, आणि अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. माझ्याकडे त्याच्या बायकोच्या खात्यावर गेलेल्या 4,400 ची नोंद होती, ती कुणी उघडूनही बघितली नाही. कंपनीच्या वरच्या ऑफिसला तीन पत्रं पाठवली, तिन्हींना एकच छापील उत्तर, खाली सही सुद्धा नाही. सरकारी मदतीचे 50,000 या वेळीही आले, पण त्यासाठी पंचनामा, रेशन कार्ड, परवाना, फोटो, प्रत्येक कागद दोनदा द्यावा लागला. ज्याचं बुडालंय त्यालाच चोरासारखं उभं करायचं, ही काय पद्धत आहे?

या सगळ्यात वर्ष निघून गेलं. विमा लोकपाल म्हणून एक कार्यालय असतं, आमच्या भागासाठी पुण्यात, तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये कळलं, अर्ज केला, तर मुदत संपलेली. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. तारीख लिहून ठेवा, बँक आणि पोलीस "बघू" म्हणतात म्हणून थांबू नका. विमा नियामकाचा तक्रार क्रमांक 155255 आहे, पहिल्या दिवशीच फोन करा. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत असते, तिथे मी सप्टेंबर 2023 मध्ये, ती संपता संपता पोचलो. वकिलाला आत्तापर्यंत 18,000 दिलेत. तारखा चालू आहेत.

1 एप्रिल 2021 पासून छोट्या दुकानांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी आली, तिच्यात पूर मूळ संरक्षणातच धरलाय. माझी जुनी पॉलिसी सहा महिने आधीची. आता मी हीच घेतलीय, थेट कंपनीच्या ऑफिसात जाऊन, चेकने. कागद तिथेच टेबलावर मुलीकडून मोठ्याने वाचून घेतले. ती आता कॉलेजला आहे.

गेल्या महिन्यात वरच्या गावातला एक पंपदुरुस्तीवाला माझ्याकडे आला होता. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता, निळी रेषा, लाल रेषा आणि त्याच्या शेडवर पेनाने केलेला गोल. त्याच्याकडे 11,000 मागितलेत. निम्मे त्याने देऊन टाकले होते.