हातात मावणारा सिरिंज पंप: पॅलिएटिव्ह वॉर्डातल्या डॉक्टरचं मत

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये डॉक्टर आहे. आजार बरा होणार नाही हे ठरल्यावरही माणसाला दुखतं, धाप लागते, मळमळतं, रात्र रात्र झोप लागत नाही. ते आटोक्यात ठेवणं हे माझं काम. या कामात फारशी यंत्रं लागत नाहीत. पण एक यंत्र नसतं, तर माझ्या कितीतरी पेशंटचे शेवटचे आठवडे फार वाईट गेले असते. ते म्हणजे बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा सिरिंज पंप. ज्यांच्या घरच्या माणसाला हा लावायचं चाललंय त्यांच्यासाठी आणि नवीन युनिट उभारणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितेय. कंपन्यांची तुलना मी करणार नाही, कारण काय बघायचं हे कळलं की कंपनी आपोआप निवडता येते.

काम साधं आहे. सिरिंजमध्ये चोवीस तासांचं औषध भरायचं, ती पंपावर बसवायची, आणि पंप तिचा दांडा अगदी हळूहळू पुढे ढकलत राहतो. बारीक नळीतून औषध कातडीखाली बसवलेल्या कॅन्युलात, म्हणजे छोट्या पोकळ नळीत, जातं. शीर शोधावी लागत नाही. ज्यांच्या हाताच्या शिरा केमोने आणि सततच्या तपासण्यांनी पार संपल्यात, त्यांना याचं मोल विचारा. कॅन्युला छातीच्या वरच्या भागावर, दंडावर, पोटावर किंवा मांडीवर बसते. पेशंट भ्रमात असेल आणि हाताला लागेल ते ओढत असेल, तर आम्ही ती पाठीवर, खांद्याच्या फऱ्याजवळ लावतो. सूज असलेली किंवा रेडिएशन झालेली जागा टाळतो.

हा पंप या कामासाठी बनवलेला नव्हता. मार्टिन राईट या ब्रिटिश संशोधकाने तो तयार केला. श्वासातलं अल्कोहोल मोजणाऱ्या यंत्रावर आणि दमेकऱ्यांच्या श्वासाचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर काम करणारा हाच माणूस. पंपाचा सुरुवातीचा उपयोग थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलांना रक्तातलं जादा लोह काढणारं औषध सावकाश देण्यासाठी होता. पॅट्रिक रसेल यांनी तो कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना वापरला आणि 1979 मध्ये त्याबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. तेव्हापासून हॉस्पिसमधून, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणाऱ्या केंद्रांतून, असा पंप गेलेला नाही. मुलांना घरभर हिंडता यावं म्हणून लहान ठेवलेलं यंत्र आमच्या पेशंटना खाटेपासून मोकळं ठेवतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

गिळता येईनासं झालं, उलट्या थांबत नाहीत, आतडं अडलंय, किंवा शुद्ध येऊन-जाऊन आहे, अशा वेळी पंप लावतात. गोळी नीट जात असेल आणि टिकत असेल तर पंपाची गरज नाही. तोंडावाटे घेतलेलं मॉर्फिन कमी ताकदीचं आणि पंपातलं जालीम, असा समज घराघरांत असतो. तसं नाही. कातडीखालून डोस हिशोबाने कमी देतात, त्यामुळे पंपाने मॉर्फिनचा जोर वाढत नाही. मिळतो तो सलगपणा. दर चार तासांनी इंजेक्शन दिलं की औषध चढतं आणि उतरतं, आणि त्या उतारावर दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. पंपाने हा चढउतार मोडतो.

एका निवृत्त शिक्षकांना आतडं अडल्यामुळे दिवसभर उलट्या होत होत्या. नाकातून नळी टाकायला ते तयार नव्हते. पंपात मॉर्फिन, मळमळ थांबवणारं हॅलोपेरिडॉल आणि पोटातला स्राव कमी करणारं हायोसीन ब्यूटाइलब्रोमाइड अशी तीन औषधं एकाच सिरिंजमध्ये दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पंपाची पिशवी खांद्याला अडकवून व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते आणि नातवाची गणिताची वही तपासत होते. उलटी पूर्ण थांबली नव्हती, दिवसातून एखाददुसरी होत होती. त्यांना तेवढं चालत होतं. गणितातल्या हातच्याच्या चुका दाखवताना त्यांनी मला थांबवून ठेवलं आणि राउंड उशिरा संपला.

सिरिंज भरणं हा या कामातला सगळ्यात एकाग्रतेचा भाग. तोंडावाटे दिवसाला 60 मिलिग्रॅम मॉर्फिन चालू असेल तर तेवढ्याच परिणामासाठी कातडीखालून साधारण निम्मं, म्हणजे 30 मिलिग्रॅम. मध्येच दुखणं उसळलं तर द्यायचा जादा डोस त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा, 5 मिलिग्रॅम. किडनी कमकुवत असेल तर हा सगळा हिशोब बदलतो, म्हणून घरी कोणी स्वतःच्या मनाने करू नये. दोन सिस्टर मिळून औषध काढतात, लेबलवर नाव, डोस, वेळ आणि दोघींच्या सह्या. मग सिरिंज उजेडासमोर धरायची. द्रव स्वच्छ हवा. गढूळ दिसला किंवा बारीक कण दिसले तर औषधं आपसात जमलेली नाहीत, ती सिरिंज टाकायची. सायक्लिझीन हे उलटीवरचं औषध सलाईनमध्ये मिसळलं की कण धरतं, त्याला इंजेक्शनचं पाणीच लागतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आम्ही शक्यतो वेगळं देतो. डायझेपाम आणि क्लोरप्रोमाझिन ही शांत करणारी औषधं कातडीखाली द्यायचीच नाहीत, जागा जळते.

आता तक्रारी. पहिली वेळेची. पंप सुरू केला की लगेच आराम पडत नाही. औषध अंगात पुरेसं साठायला काही तास जातात. त्यामुळे दुखत असलेल्या माणसाला नुसता पंप लावून निघून जाणं मला पटत नाही, सोबत एक तातडीचा डोस द्यायलाच हवा. हे अनेक ठिकाणी राहून जातं. मग नातेवाईक म्हणतात, पंपाचा काही उपयोग नाही.

दुसरी अलार्मची. नळीला पीळ बसला की रात्री दोन वाजता पंप ओरडतो. नुकता डोळा लागलेला पेशंट जागा होतो आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या छातीत धस्स होतं. अलार्म लागतोच, तो बंद असावा असं माझं म्हणणं नाही. पण आवाज कमी करायची सोय प्रत्येक पंपात हवी आणि स्क्रीनवर कारण साध्या शब्दांत दिसायला हवं. अनेक पंपांची मोटर दर काही मिनिटांनी हलकी घुरघुरते. हे आधी सांगितलं नाही तर घरचे त्या आवाजाने रात्रभर कासावीस होतात.

तिसरी गोष्ट तक्रारीहून गंभीर आहे. जुने पंप वेग मिलिमीटरमध्ये मोजत. दिसायला सारखे दोन प्रकार होते, एक तासाला किती मिलिमीटर असा चालायचा, दुसरा चोवीस तासांना किती. एकाचा आकडा दुसऱ्यावर लावला तर दिवसाचं औषध तासाभरात जाऊ शकायचं. अशा गोंधळात माणसं दगावली आहेत. ब्रिटनमध्ये 2010 साली पेशंटच्या सुरक्षेसाठीच्या यंत्रणेने मिलिलिटरमध्ये चालणाऱ्या, कुलूप लावता येणाऱ्या पंपांकडे वळा असं सांगितलं, ते याचमुळे. कुठे स्वस्तात जुना मिलिमीटरवाला पंप मिळत असेल तर घेऊ नका. देणगी म्हणून आला तरी नको.

आणि भीती. पंप लावला म्हणजे संपलं, ही ती भीती. एका मुलीने मला दाराबाहेर गाठून विचारलं, “डॉक्टर, खरं सांगा, याच्यानेच बाबा जाणार का?” मी तिला बाकावर बसवलं. म्हटलं, “ताई, बाबा आजाराने जाणार आहेत. बेताबेताने वाढवलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होतं असा पुरावा नाही. हे त्यांना दुखू नये म्हणून आहे, आणि जास्त गुंगी आली तर आपण कमी करू.” मग तिला सिरिंजवरच्या रेघा दाखवल्या, किती उरलंय ते कसं बघायचं ते सांगितलं. संध्याकाळी ती स्वतःच सिस्टरला सांगत होती की कॅन्युलाभोवती थोडं लाल झालंय. बरोबर होतं, जागा बदलली. पंपाची सगळी कमतरता किंवा थोरवी या बाकावरच्या पाच मिनिटांत ठरते. ती न देता पंप लावणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला राग येतो. बहुतेक पंप उशिरा लागतात, अगदी शेवटच्या दिवशी, आणि म्हणून पंप आणि मृत्यू लोकांच्या मनात जोडले जातात. उलट्यांसाठी लावलेला पंप उलट्या थांबल्यावर काढताही येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. वेग मिलिलिटर प्रति तासात दिसला पाहिजे. सिरिंज फिरवून घट्ट बसणारी असावी आणि तिचा आकार पंपाने स्वतः ओळखावा. कुलपाची पेटी आणि खांद्याची पिशवी सोबत घ्या, नंतर घेऊ म्हणाल तर राहून जाते. पेशंटच्या अंगाच्या पातळीपेक्षा वर पंप टांगू नका, उशीजवळ ठेवा. बॅटऱ्यांचा साठा वॉर्डात ठेवा, कपाटाच्या किल्लीसाठी रात्री कोणाला उठवायला लागू नये. आणि पंप आणण्याआधी तुमच्याकडे मॉर्फिनचा परवाना आणि नियमित पुरवठा आहे का ते बघा. तो नसेल तर आधी त्याच्या मागे लागा, पंप नंतर घ्या.