परदेशी जास्वंद इंदूरच्या थंडीत: आधी कलमाची पट्टी सोडा

साडेचारशे रुपयांचं रोप एका प्लास्टिकच्या पट्टीने घालवलं, म्हणून लिहायला बसलो आहे. परदेशी जास्वंद म्हणजे केवढं फूल, एका पाकळीत किती रंग, हे सगळ्यांनी फोटोत बघितलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही. पावसाळ्यात तीन रोपं घेतली. पिवळी-मरून आणि राखाडी-जांभळी कुरिअरने मागवली, केशरी इथल्याच नर्सरीतून आणली.

डिसेंबर लागला आणि पिवळ्या-मरूनचा शेंडा मलूल पडला. पाणी बेताचं, पानामागे कीड नाही, ऊन भरपूर. कारण सापडेना. मग रात्री वारा सुटला आणि सकाळी बघतो तर रोप बरोबर कलमाच्या सांध्यावर मोडलेलं. सांध्याच्या वर खोड गाठीसारखं फुगलेलं, खाली पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि मधे ती पारदर्शक पट्टी सालीत इतकी रुतलेली की नखाने सुटेना. ब्लेडने कापून काढली तेव्हा खाली सालीला काळपट कडं पडलेलं दिसलं.

ही रोपं बहुतेक कलमी असतात. संकरित जातींची स्वतःची मुळं नाजूक, म्हणून त्यांची काडी चिवट देशी जास्वंदीच्या खुंटावर बांधतात. सांधा हलू नये, सुकू नये म्हणून वर पट्टी. तिचं काम सांधा जुळेपर्यंतच. त्यानंतर खोड जाड होत जातं, पट्टी ताणत नाही, आणि पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरायचं थांबतं. वर गाठ येते, खाली मुळं उपाशी राहतात. कलम करणाऱ्या प्रत्येक माळ्याला हे माहीत असतं. मग रोप विकताना पट्टी सोडायला किंवा निदान चिठ्ठीत एक ओळ लिहायला काय जातं? डब्यात थँक यू कार्ड होतं, खताची फुकट पुडी होती, पट्टीबद्दल अक्षर नव्हतं.

रोप पाठवणाऱ्या नर्सरीला फोन केला. "सर, अनबॉक्सिंग का वीडियो भेजिए, रिप्लेसमेंट सात दिन के अंदर ही होता है." मी समजावून सांगितलं की रोप आलं तेव्हा ठणठणीत होतं, पट्टीचा फास बसायला काही महिने लागतात, सात दिवसांत तो दिसणारच नाही. मोडलेल्या सांध्याचे फोटो पाठवले. उत्तरात पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सवलतीचा कूपन आला. तो मी वापरणार नाही. आता त्या कुंडीत खुंटाला देशी लाल जास्वंदीचे फुटवे आले आहेत, तेवढ्यासाठी साडेचारशे आणि वर कुरिअर. राखाडी-जांभळीची पट्टी त्याच दिवशी सोडली. सालीवर वळ उमटला होता, पण वाचली.

इथपर्यंत डिसेंबरमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पुढचं वाक्य होतं: पैसे वाया, घेऊ नका. आता फेब्रुवारी आहे आणि ते वाक्य खोडलं आहे.

पावसाळ्यात राखाडी-जांभळीचं फूल सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी मिटायला लागायचं, आपल्या साध्या जास्वंदीसारखंच. एवढ्या किमतीत एका दिवसाचं फूल, हे मला टोचत होतं. जानेवारीत रात्रीचा पारा 10 च्या खाली गेला तशी कळी उमलायलाच आठवडा घेऊ लागली. रंगाचं टोक दिसल्यापासून रोज थोडी थोडी फुगायची. उमललं ते माझ्या पसरलेल्या तळहाताला पुरून उरेल एवढं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तसंच टवटवीत. तिसऱ्या दिवशी फक्त कडा किंचित आत वळल्या. रंग तर ओळखू येईना: पावसाळ्यात धुतल्यासारखी फिकी राख, आता मधला डोळा दाट वांगी, त्याभोवती गुलाबी कडं, आणि राखाडीवर निळसर झाक. थंडीत पाकळ्यांतला लाल-जांभळा रंग गडद होतो, हे खरं आहे आणि फोटोवाले इथे तरी खोटं बोलत नाहीत. फुलं संख्येने कमी येतात. मला ते चालतं.

केशरीनेही तेच केलं. तिळचौथीला खजराण्याच्या गणपती मंदिरात एवढी गर्दी की आईने घरातच पूजा उरकली. गणपतीला लालच हवी हा तिचा हट्ट, तरी त्या दिवशी तिने आपणहून केशरी वाहिली. जास्वंदीचं फूल तोडलं तरी त्याला पाणी लागत नाही, आणि या थंडीत ते दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकायचंही जिवावर आलं.

इंदूरपुरतं थोडं. आपली काळी माती एकटी कुंडीत घालू नका. ओली झाली की चिकट गोळा, सुकली की भेगा, आणि थंडीत मुळाशी पाणी साचलं की रोप सडतं. मी माती, शेणखत, कोकोपीट आणि जाड वाळू मिसळतो. जास्वंदीला किंचित आम्लधर्मी माती मानवते. बोअरिंगचं जड पाणी सतत दिलं की पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) फवारलं, नर्मदेच्या नळाचं पाणी सुरू केलं, नवीन पानं हिरवी आली. बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, देऊ नका, त्यात फॉस्फरस भरपूर असतो. फॉस्फरस जास्त झाला की लोह मिळणं आणखी अवघड होतं. पोटॅश मात्र हवं, पण कडाक्याच्या थंडीत वाढ थांबलेली असताना कुठलंच खत नको. पाणी सकाळी, वरची माती सुकल्यावरच. रात्री कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून ठेवतो, भिंत दिवसभर तापलेली असते. मधे मावठा, म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस, पडला तेव्हा केशरीच्या बऱ्याच कळ्या गळल्या, त्यावर उपाय सापडला नाही. पिठ्या ढेकूण ऑक्टोबरमध्ये आला होता. मुंग्या दिसल्या की तो आहेच समजा, निंबोळी तेल वेळेवर मारा.

तर पाचपैकी किती? झाडाला साडेचार. कुरिअरवाल्या नर्सरीला एक, तोही पॅकिंग चांगलं होतं म्हणून. इथल्या नर्सरीतली केशरी पन्नास रुपये महाग पडली, पण त्या माळ्याने पैसे घेण्याआधी माझ्यासमोर पट्टी उलगडली, सांधा दाखवला आणि खालून फुटवा आला की लगेच खुडा, नाहीतर खुंट वरच्या काडीचं अन्न खाईल, असं बजावलं. यापुढे सांधा डोळ्यांनी बघितल्याशिवाय रोप घेणार नाही.

महिनाअखेरीस थंडी ओसरली की दोन्ही झाडांची छाटणी करायची आहे. छाटलेल्या काड्या फेकणार नाही. पिवळ्या-मरूनच्या कुंडीतल्या त्या देशी फुटव्यांवर राखाडी-जांभळीचं पाचर कलम बांधून बघणार आहे. खुंट जोमदार आहे आणि त्याचे पैसे मी भरलेले आहेत.